गावात दारूबंदी मागायची आहे: पूर्वी लोकांनी ती का आणि कशी मागितली होती?

माणदेशी:

नमस्कार. माण तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहितेय. आमच्याकडे एसटी थांब्याच्या मागच्या बाजूला देशी दारूचं परवान्याचं दुकान आहे, मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासूनचं. गेल्या भाद्रपदात आमच्या बचत गटातल्या एकीच्या नवऱ्यानं तिच्या दोन शेळ्या परस्पर विकल्या. शेळ्या गटाच्या कर्जातून घेतलेल्या. त्या महिन्याचा तिचा हप्ता आम्ही बाकीच्या नऊजणींनी मिळून भरला. हप्ता भरून बँकेतून परत येताना बसमध्येच ठरलं की आता दुकान बंद करायची मागणी करायची.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे आणि बोलायचं माझ्यावर आलंय. अडचण अशी की गावातले चार शिकलेले लोक आत्तापासूनच म्हणायला लागलेत, "दारूबंदी हा गांधींचा हट्ट होता. अमेरिकेनं करून बघितली आणि सोडून दिली. तुम्हाला इतिहास माहीत नाही." खरंच नाही माहीत. दारूबंदी पहिल्यांदा मागितली कोणी, का मागितली आणि लोकांना पटवताना काय सांगितलं? "दारू वाईट" एवढंच बोलून मी खाली बसले तर कोणी ऐकणार नाही. जाणत्यांनी सांगावं.

जुनी_पानं:

अमेरिकेचं नाव घेणाऱ्यांना आधी हे विचारा की तिथे बंदी मागितली कोणी. 1873 च्या डिसेंबरात ओहायो राज्यातल्या हिल्सबरो गावच्या बायका दारूच्या गुत्त्यांसमोर जाऊन गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. अशा ठिकाणी कुलीन बायका सहसा पाऊल ठेवत नसत. नवरा पगार गुत्त्यात उधळत असेल तर बायकोला कायद्याचा आधार जवळजवळ नव्हता, मताचा अधिकार तर नव्हताच. पुढच्याच वर्षी ख्रिस्ती महिलांची मद्यपानविरोधी संघटना उभी राहिली. तिच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांनी मुद्दा "घराचं रक्षण" असा मांडला आणि त्याला मताच्या मागणीची जोड दिली. घर वाचवायचं तर बाईला मत हवं, असं त्या सांगत.

दुसरी बाजू निव्वळ राजकारणाची. 1893 मध्ये ओहायोतच गुत्तेविरोधी लीग निघाली. उमेदवार कुठल्या पक्षाचा हे ती पाहत नसे. बंदीच्या बाजूनं मत देणार का, एवढंच पाही. पण घोडं अडलं होतं पैशावर. केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा मोठा वाटा दारूवरच्या करातून येई. 1913 मध्ये प्राप्तिकर आला आणि ती अडचण दूर झाली. मग 1917 मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू झालं. बिअरचे कारखानदार बहुतेक जर्मन वंशाचे, शिवाय धान्य वाचवायचं होतं, त्यामुळे विरोध करणाऱ्यांचं तोंड बंद झालं. जानेवारी 1919 मध्ये घटनादुरुस्ती मंजूर झाली, 17 जानेवारी 1920 पासून बंदी लागू झाली आणि 5 डिसेंबर 1933 ला उठली. मंदीत सरकारला पुन्हा कर हवा होता, लोकांना काम हवं होतं. बंदी उठवा म्हणणाऱ्यांतही बायकांची मोठी संघटना होती आणि त्यांचंही म्हणणं हेच की चोरट्या धंद्यापासून मुलं वाचवायची आहेत.

माझ्या मते अमेरिकेवर फार वेळ घालवू नका. तुमच्या गावातल्या दुकानाची गोष्ट वेगळी आहे.

निवृत्त_बाई:

माणदेशी ताई, मी चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. आमच्याकडे देशी दारूच्या दुकानाला भट्टी म्हणतात. आमच्या गावचा बाजार शुक्रवारी भरायचा आणि शनिवारी सकाळची शाळा असायची. हजेरीपटावर शनिवारच्या रकान्यात इतके "गै" असत की नवीन रुजू झालेल्या साहेबांना वाटायचं, बाई शनिवारी लवकर शाळा सोडतात. तिसरीतल्या एका मुलीला मी विचारलं, "शनिवारी का नाही आलीस?" ती म्हणाली, "बाई, रात्री आम्ही बांधीत झोपलो." बाप पिऊन आला की आई लेकरं घेऊन धानाच्या बांधीत जाऊन झोपायची. पोरगी हे असं सांगत होती, जसं आपण मामाच्या गावाला गेलो होतो म्हणून सांगावं. माझ्यासाठी दारूबंदीचा प्रश्न तिथे सुरू झाला. म्हणून मी आधी एक सांगते: तुमच्या शेळ्यांची गोष्ट ग्रामसभेत पहिली सांगा. तारखा नंतर.

आता इतिहास. गांधींचा हट्ट म्हणणाऱ्यांना सांगा की गांधी राजकोटच्या शाळेत शिकत होते तेव्हा, 1880 साली, जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते आणि शहरात दारूची दुकानं वाढताहेत म्हणून त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका स्वच्छतेवर एवढा पैसा खर्च करते, मग त्याच लोकांचं आरोग्य आणि संसार बुडवणारी दुकानं वाढू कशी देते? या मुद्द्यात देव नाही, पाप नाही. तिजोरीच्या एका हाताला दुसऱ्या हाताचा जाब विचारलेला आहे. माझ्या वाचनात पुढे दारूबंदीवर जे जे भारी बोललं गेलं, त्यात हा प्रश्न कुठे ना कुठे आहेच.

का, ते समजायला दोन वर्षं मागे जावं लागतं. 1878 मध्ये मुंबई इलाख्याचा आबकारी, म्हणजे दारूवरच्या कराचा, कायदा आला. त्याआधी ठाण्याच्या जंगलपट्टीत लोक आपल्यापुरती मोहाची गाळत, ताडी उतरवत. कायद्यानं गाळणं ठरावीक भट्ट्यांकडे गेलं, विक्रीचे मक्ते आले, ताडीच्या झाडामागे कर बसला. 1892 च्या मोहाच्या कायद्यानं तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं साठवण्यावरही बंधन आलं. आमच्याकडे मोहफूल म्हणजे उन्हाळ्यातलं अन्न. उकडून खातात, वाळवून ठेवतात. सरकारनं तेही दारूच्या हिशेबात धरलं. म्हणजे सरकार दारूच्या विरुद्ध नव्हतंच. घरची दारू बंद करून दुकानाची दारू विकणं हा त्याचा धंदा झाला.

म्हणून 1908 मध्ये पुण्यात टिळकांच्या प्रेरणेनं स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरा म्हणून विनवू लागले, तेव्हा सरकारला ते खपलं नाही. स्वयंसेवकांवर खटले भरले गेले. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही धर्मात दारू निषिद्ध, तरी परका राजा ती गावोगाव पोचवतो, हा टिळकांचा मुद्दा होता. दारू सोडवणाऱ्याला सरकार शिक्षा करतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना स्वराज्य हा शब्द जड वाटत होता, त्यांनाही हे कळलं असणार.

गांधींनी यात काय वेगळं केलं? जानेवारी 1930 मध्ये त्यांनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात पहिलीच मागणी संपूर्ण दारूबंदीची होती. मिठाची त्यानंतर. आणि त्याच वर्षी दारूच्या दुकानांवरची निदर्शनं त्यांनी बायकांकडे सोपवली. त्यामागे विचार असा होता की दारूचा मार खाणारी बाईच पिणाऱ्याच्या मनाला हात घालू शकते, आणि तिथे मारामारी होण्याचा संभवही कमी. घराबाहेर न पडलेल्या कितीतरी बायकांचं पहिलं सार्वजनिक काम दारूच्या दुकानासमोर उभं राहणं हे होतं. तुमच्या बचत गटाला हे जरूर सांगा.

शिक्षिका म्हणून मला मात्र 1937 चं वर्ष सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. शिक्षण त्यांच्या हातात, आबकारीही त्यांच्याच हातात. शाळा वाढवायच्या तर पैसा कुठून? दारूच्या महसुलातून! दारू बंद केली की शाळा बंद पडणार, असा पेच. गांधींनी त्या जुलैत "हरिजन" मध्ये लिहिलं की मुलांना शिकवायला दारूच्या पैशाशिवाय हातात काही नाही, ही नव्या सुधारणांमधली सर्वांत क्रूर गोष्ट आहे. पेच सोडवायला त्यांनी शाळाच स्वतःच्या पायावर उभी करायची कल्पना मांडली: मुलं सूत काततील, हस्तोद्योग शिकतील, त्यातून शाळेचा खर्च निघेल. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीम जन्माला आली. डी.एड.ला आम्ही नयी तालीम घोकली होती. तिच्या मुळाशी दारूचा हिशेब आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

मद्रास प्रांतात राजाजींनी 1 ऑक्टोबर 1937 पासून सेलम जिल्ह्यात बंदी आणली आणि बुडालेला महसूल भरायला 1939 मध्ये विक्रीकर बसवला. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं 1 ऑगस्ट 1939 पासून शहरात बंदी लागू केली आणि भरपाईसाठी इमारतींवर दहा टक्के कर लावला. हे काम करणारे मंत्री डॉ. गिल्डर पारशी होते, हृदयरोगाचे मोठे डॉक्टर. दारूच्या आणि ताडीच्या धंद्यात पारशी बरेच, त्यामुळे स्वतःच्या समाजाचा रोष त्यांनी अंगावर घेतला. तुम्हाला कोणी विचारलं की दुकान बंद केलं तर सरकारचं उत्पन्न कुठून येणार, तर सांगा की 1939 मध्ये मुंबईनं याचं उत्तर दिलं होतं: मजुराच्या मजुरीतून नको, घरमालकाच्या भाड्यातून घेऊ. ते बरोबर होतं का यावर वाद घाला. पण उत्तरच नव्हतं असं कोणी म्हणू नये.

पुढचं थोडक्यात. राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदात दारूबंदीचा प्रयत्न करणं राज्याचं कर्तव्य ठरलं. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा, आणि एप्रिल 1950 पासून राज्यभर बंदी. तो कायदा आजही महाराष्ट्रात आहे. आपल्याकडे दारू प्यायला परवाना लागतो तो त्याच कायद्यानं. तुम्ही काही नवीन, विचित्र मागणी करत नाही आहात.

आणि आमचं चंद्रपूर. पश्चिमेला वर्धा, तिथे सत्तरच्या दशकापासून बंदी. पूर्वेला गडचिरोली, तिथे 1993 पासून. तिथलं आंदोलन अभय आणि राणी बंग या डॉक्टर जोडप्यानं लोकांना बरोबर घेऊन उभं केलं. त्यांचा भर हिशेबावर असे: जिल्हा दारूवर किती घालवतो आणि सरकार जिल्ह्याच्या विकासावर किती देतं, हे शेजारी शेजारी मांडायचे. मधोमध आम्ही. आमच्या बायका विचारत, इकडे बंद, तिकडे बंद, मग आम्हीच काय पाप केलं? सामाजिक कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामींच्या पुढाकारानं डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा निघाला. बेचाळीसच्या क्रांतीचं चिमूर, म्हणून तिथून. मला दोनच दिवसांची रजा मिळाली, तेवढं चालले. थंडी कडाक्याची. माझ्या बाजूला एक म्हातारी होती, पायात स्लिपर, तिचा पट्टा सुतळीनं बांधलेला. मी म्हटलं, आजी, ट्रॅक्टरवर बसा. ती म्हणाली, "पोरगा गेला माझा दारूनं. तो बसून गेला काय?" पुढे मी तिला काही बोलले नाही.

1 एप्रिल 2015 ला जिल्ह्यात बंदी आली, 2021 मध्ये सरकारनं ती उठवली. त्या सहा वर्षांबद्दल कोणी विचारलं तर सांगेन.

गिरणगाव:

बाई, तुमचं सगळं आदरानं वाचलं. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण ताईंना ग्रामसभेत ती ऐकावी लागणारच आहे.

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीत बंदीच्या काळात हातभट्टी चाले, सायकलच्या ट्यूबमधून माल येई. आजी सांगायची, बंदीनं आजोबांचं पिणं थांबलं नाही. आधी दुकानात पीत, मग अंधारात पिऊ लागले आणि वर पोलिसाचा हप्ता दारूच्या किमतीत चढला. श्रीमंताला डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवाना मिळे, पकडला जाई तो गिरणीवाला. बंदीचा कायदा कोर्टात गेला. 1951 च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो बराचसा टिकवला, पण दारू असलेल्या औषधांवरची आणि प्रसाधनांवरची बंदी रद्द केली.

आणि तो महसुलाचा मुद्दा. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या 1951 च्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करून आबकारीचं उत्पन्न वाचवा असं स्पष्ट होतं. मिठावरचा करही पुन्हा लावा म्हटलं होतं. ज्याला खरोखर शाळा, जमिनी, दवाखाने हवे होते तो माणूस विचारत होता की पैसा कुठून आणणार? घटना समितीत 24 नोव्हेंबर 1948 ला यावर चर्चा झाली तेव्हा कोल्हापूरच्या खर्डेकरांनी व्यक्तीच्या स्वातंत्र्यासाठी बंदीला विरोध केला. खेर बाजूनं बोलले. आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा म्हणाले की संथाळ लोक दिवसभर पाण्यात उभं राहून धानाची रोवणी करतात, तांदळाची बिअर त्यांच्या जगण्याचा भाग आहे, त्यांच्या देवाधर्माचाही. ती तुम्ही कुठल्या अधिकारानं काढून घेता? तुम्ही स्वतः मोहफुलांबद्दल लिहिलंत. इंग्रजांनी मोहाला हात लावला तो जुलूम, आणि आपण लावला की सुधारणा, असं कसं?

निवृत्त_बाई:

तुमच्या आजींचं म्हणणं मी खोटं म्हणणार नाही. आमच्याकडेही 2015 नंतर पहिलं वर्ष बाजाराचा दिवस शांत गेला. शनिवारचा हजेरीपट भरलेला दिसला, तो मी घरी नेऊन नवऱ्याला दाखवला होता. दुसऱ्या वर्षापासून यवतमाळकडून, तेलंगणातून माल यायला लागला. पव्वा दुप्पट भावानं मिळू लागला आणि आमच्याच शाळेतून सातवी झालेला एक पोरगा सायकलवरून तो पोचवू लागला. त्याला मी रस्त्यात थांबवलं तर खाली मान घालून उभा राहिला. ते मला अजून सलतं. पण विषारी दारूचं खापर बंदीवर फोडू नका. 2004 ला विक्रोळीत आणि 2015 ला मालवणीत माणसं मेली तेव्हा मुंबईत दारूची दुकानं उघडीच होती. मालवणीत तर शंभरावर गेली. माणूस स्वस्त दारूपायी मरतो, आणि स्वस्ताई त्याच्या मजुरीला बघून येते.

जयपालसिंगांचा प्रश्न खरा आहे. रोवणीला आमच्याकडच्या बायकाही पाण्यात उभ्या असतात, मी स्वतः सुट्टीत रोवणी केली आहे. सणाला घरी गाळलेली मोहाची आणि भट्टीची देशी यांना एकच कायदा लावणं मला पटत नाही. पण आदिवासींनी दारू सोडली ती नेहमी दुसऱ्यांनी सोडायला लावली म्हणून, असंही समजू नका. 1922 मध्ये सलाबाई देवीची लाट आली. ठाण्याच्या किनाऱ्याकडून निघाली, डांगातून सुरत जिल्ह्यात गेली. माणसांच्या अंगात देवी येई आणि सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्या पारशाच्या कामाला जाऊ नका. गावंच्या गावं पिणं सोडून बसली. देवीच्या तोंडून ते हिशेबच मांडत होते. ज्याच्या गुत्त्यावर उधारी व्हायची त्याच्याच नावावर शेवटी जमीन जायची, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पंधरा वर्षांनी तळोद्याकडे मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला सांगितलं. त्यांचे लोक एकमेकांना "आप" म्हणून हाक मारू लागले. ज्यांना जन्मभर कोणी अहो म्हटलं नाही, ते एकमेकांना आप म्हणत होते! दारू सोडण्यात त्यांना मान दिसला. हे मी वाचलं तेव्हा वाटलं, आम्ही मास्तर लोक व्यसनमुक्तीच्या प्रभातफेऱ्या काढायचो, त्यात मानाचा हा विचार कधी आणला नाही. फलकावर कवटी काढायचो.

बाबासाहेबांच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. शाळेला पैसा लागतो. माझा पगार त्याच तिजोरीतून झाला. फक्त एवढं विचारते, की माझ्या तिसरीतल्या पोरीच्या शाळेचा खर्च तिच्या बापाच्या पव्व्यातून का निघावा?

भाग्यनगरी:

हैदराबादहून. आंध्रची गोष्ट इथे यायला हवी. 1992 मध्ये नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेचे वर्ग चालू होते. रात्री कंदिलाखाली बायका अक्षरं गिरवायच्या. वाचनपाठात सीता नावाच्या बाईची गोष्ट होती, जिचा नवरा पिऊन संसार बुडवतो. दुबगुंटा गावच्या बायका ती वाचून म्हणाल्या, ही तर आमचीच गोष्ट. मग नुसत्या वाचून थांबल्या नाहीत, गावातलं अरक म्हणजे देशी दारूचं दुकान बंद पाडलं. रोसम्मा ही त्यांची पुढारी. ते ऐकून शेजारची गावं उठली, दुकानांचे लिलाव होऊ दिले नाहीत. त्यांचा प्रश्न फार नेमका होता: सरकारला गावोगाव पिशवीत भरून दारू पोचवता येते, मग पिण्याचं पाणी का पोचवता येत नाही?

1993 च्या एप्रिलात नेल्लोरमध्ये आणि 1 ऑक्टोबरपासून राज्यभर अरकवर बंदी आली. तेलुगू देसमचे एन. टी. रामाराव (एनटीआर) निवडून आल्यावर जानेवारी 1995 पासून सगळ्याच दारूवर. 1997 मध्ये ती मागे घेतली, कारण पुन्हा महसूल.

माणदेशी:

सगळ्यांचे खूप आभार. बाईंचं लिहिलेलं आमच्या गटात मोठ्यानं वाचून दाखवलं. बांधीत झोपलेल्या पोरीपाशी आल्यावर एकजण उठून आत गेली. तिच्याकडे बांधी नाही, ती शेजारच्या गोठ्यात झोपते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं पण कोणी बोललं नव्हतं.

आता प्रश्न पुढचा. ग्रामसभेत ठराव झाला म्हणजे दुकान बंद होतं का? कोणी म्हणतं मतदान लागतं.

निवृत्त_बाई:

ठराव करा, पण बहुतेक वेळा नुसत्या ठरावावर काम भागत नाही. 2008 च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या पाव हिश्श्याहून कमी नाहीत इतक्या महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, बायकांना एकेकीला ओळखपत्र घेऊन बोलावतात. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ताई, इथे नीट लक्ष द्या. आडव्या बाटलीला अर्ध्याहून जास्त मतं पडावी लागतात ती यादीतल्या एकूण बायकांच्या. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे जी बाई आली नाही, तिचं मत दुकानाच्या बाजूनं पडल्यासारखंच. लग्न होऊन गेलेल्या मुली, वारलेल्या म्हाताऱ्या, ऊसतोडीला गेलेल्या सुना, सगळ्या तुमच्या विरोधात मोजल्या जातात. कितीतरी गावांत आडव्या बाटलीला उभीच्या पाचपट मतं पडली आणि तरी दुकान राहिलं.

म्हणून आधी यादी दुरुस्त करा. मतदानाची तारीख ऊसतोड्या परत आल्यावरची मागा. आणि सह्या करताना सासूकडून आधी घ्या. सासूनं केली की सून करते. सुनेनं आधी केली तर घरात भांडण होतं. हा माझा अनुभव.

गिरणगाव:

मी बंदीच्या विरोधात आहे हे वर लिहिलंच. पण गावातल्या अर्ध्याहून जास्त बायका स्वतः मत देऊन एक दुकान हटवत असतील, तर ते मला मान्य आहे. यात वरून लादणं नाही. दुकान गेल्यावर हातभट्टी कोण सुरू करेल याचा अंदाज तुम्हाला आत्ताच असेल. त्या घरातल्या बाईलाही बैठकीला बोलवा.

माणदेशी:

दादा, ते घर कुठलं ते माहीत आहे. तिची सही अजून घेतलेली नाही.

आज यादी काढली. महिला मतदार 614. म्हणजे 308 मतं लागतील. आम्ही पाचजणींनी दिवाबत्तीनंतर बसून नावं वाचली तर 27 वारलेल्या, 44 लग्न होऊन गेलेल्या. पुण्या-मुंबईला किती, ते अजून मोजायचंय. बाई म्हणतात तसं नावं कमी करायचा अर्ज सोमवारी तहसिलात देतोय. माझ्या सासूबाईंनी पहिली सही केली. त्यांना लिहिता येत नाही, अंगठा चालेल का एवढंच सांगा.

निवृत्त_बाई:

चालेल. अंगठ्याखाली त्यांचं पूर्ण नाव आणि यादीतला क्रमांक लिहा, आणि दोन बायकांच्या साक्षीच्या सह्या घ्या, म्हणजे पडताळणीत कोणी तो खोटा ठरवणार नाही.